झाडातली वाहतूक आणि शरीराचं संरक्षण: पावसाळ्यात घरच्या घरी करायचे प्रयोग

जीवशास्त्राच्या पुस्तकात वनस्पतींमधलं वहन एका धड्यात असतं आणि रोगप्रतिकारशक्ती पार दुसऱ्या. शिकताना मात्र दोन्ही विषय एकत्र घेतलेले बरे, कारण दोन्हींची दारं एकाच जागी उघडतात: काप पडतो तिथे. खोड कापलं की आतल्या नळ्या दिसतात, आणि थोडं थांबलं तर झाड त्या कशा बुजवतं तेही दिसतं. पाय कापला तर रक्त वाहतं, थांबतं, आणि मग आत दुसरीच धावपळ सुरू होते. ज्या वाटेने अन्नपाणी फिरतं त्याच वाटेने रोगही फिरू शकतो. म्हणून वाट असेल तिथे ती बंद करायची सोयही असते. खालचे प्रयोग हा धागा धरून लावले आहेत. सामान घरातलं किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतलं, झाडं गोव्यात अंगणात आणि कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) मिळणारी.

तेरड्याला रंग पाजणे

जुलै ते सप्टेंबर तेरडा दगडी गडग्यांवर, रस्त्याच्या कडेला कुठेही उगवतो. त्याचं खोड पाणीदार आणि अर्धपारदर्शक असतं, त्यामुळे रंग चढताना बाहेरूनच दिसतो. पांढऱ्या फुलाचा तेरडा मिळाला तर उत्तम.

पेल्यात १०० मिली पाणी घ्या आणि त्यात खाण्याचा लाल रंग अर्धा चमचा पूर्ण विरघळवा. प्रयोगशाळेत इओसिन असेल तर १०० मिलीला अर्धा ग्रॅम पुरे. आता फांदी पाण्याने भरलेल्या परातीत बुडवून धरा आणि खालचं दोनेक सेंटिमीटर टोक पाण्याखालीच नव्या ब्लेडने तिरकं छाटा. कापलेल्या तोंडाशी पाण्याचा थेंब टिकून असतानाच फांदी रंगाच्या पेल्यात उभी करा. पाण्याखाली कापण्याचं कारण असं की जलवाहिन्यांतलं पाणी ताणाखाली असतं. हवेत कापलं तर ताण सुटताच नळी हवा आत ओढते, बुडबुडा अडकतो आणि पाण्याची सलग तार तुटते. मग रंग कितीही गडद करा, त्या नळीतून तो चढणार नाही.

यानंतरची पायरी पुस्तकात सहसा नसते, आणि गोव्यात तिच्यावाचून अडतं: पेल्याजवळ टेबलफॅन हळू वेगावर लावा आणि पेला खिडकीपाशी उजेडात ठेवा. जुलैतल्या संततधारेत हवा इतकी ओली असते की पानांतून वाफ बाहेर जायला वावच राहत नाही. वाफ जात नाही म्हणून ओढ नाही, ओढ नाही म्हणून रंग तासन्‌तास तळाशीच. प्रयोग फसला असं वाटतं. खरं तर प्रयोगाने बरोबर उत्तर दिलेलं असतं. दोन पेले ठेवा, एक पंख्यासमोर आणि एक कोपऱ्यात, म्हणजे हाच अडथळा निरीक्षण बनतो.

पाऊण तासाने फांदी बाहेर काढा, खालून वर दर दोन सेंटिमीटरवर आडवा काप घ्या आणि रंग कुठपर्यंत पोचलाय ते बघा. ४५ मिनिटांत १८ सेंटिमीटर चढला असेल तर वेग तासाला २४ सेंटिमीटर. पातळ चकती उजेडासमोर धरली की लाल ठिपक्यांचं कडं दिसतं. ते ठिपके म्हणजे जलवाहिन्या. फांदी रात्रभर रंगात ठेवू नका. रंग शेजारच्या पेशींत झिरपतो, सगळी चकती लालेलाल होते आणि पाहायचं तेच पुसलं जातं.

रंग कोणता यावरही बरंच अवलंबून आहे. कुंकू, हळद, पोस्टर कलर यांचे कण पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात. ते नळीच्या तोंडाशी अडकून ती बंद करतात. बिटाचा रस चालतो, पण दुहेरी फडक्यातून गाळून आणि ताजाच.

आता तोच प्रयोग निशिगंधाच्या दांड्यावर करा. तिथे कडं दिसत नाही, ठिपके सगळ्या चकतीभर विखुरलेले असतात. एकदलिकित (निशिगंध) आणि द्विदलिकित (तेरडा) खोडातला हा फरक पाठ करण्यापेक्षा दोन चकत्या शेजारी ठेवून पाहिलेला बरा, कारण पुढे माडाच्या बाबतीत तो फार उपयोगी पडणार आहे. दांडा खालून दहा सेंटिमीटर उभा चिरून एक पाय लाल आणि एक पाय निळ्या पेल्यात ठेवला तर फुलांतही दोन रंग उतरतात. प्रत्येक नळीजाल, म्हणजे नळ्यांचा जुडगा, आपापल्या भागालाच पाणी देतं, मध्ये फारशी सरमिसळ होत नाही.

मुळांसकट उपटलेलं रोप रंगात ठेवलं तर काय होतं, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. रंग चढतो, पण मुख्यतः उपटताना तुटलेल्या मुळांच्या तोंडांतून. शाबूत मुळात आत शिरणाऱ्या पाण्याला एका चाळणीतून जावं लागतं: अंतस्त्वचेच्या पेशींभोवती कॅस्परी पट्टी असते, ती पेशींच्या भिंतींमधली चोरवाट बंद करते. पाण्याला आणि क्षारांना जिवंत पेशीच्या पटलातून परवानगी घेऊनच पुढे जावं लागतं. झाडाचं पहिलं नाकं हे असं मुळातच बसवलेलं आहे.

पाणी जातं किती? तराजूवर मोजणे

यासाठी स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो. अरुंद तोंडाच्या तीन सारख्या बाटल्या घ्या, प्रत्येकीत २०० मिली पाणी. पेरूच्या सारख्या जाडीच्या दोन डहाळ्या पाण्याखाली छाटा. एकीला आठ-दहा पानं राहू द्या, दुसरीची सगळी काढा आणि देठांच्या जागी व्हॅसलीन लावा. तिसऱ्या बाटलीत डहाळी नाही.

डहाळ्या आधी पाण्यात उभ्या करा, मग वरून प्रत्येकीत चमचाभर (५ मिली) खाद्यतेल अलगद सोडा. हा क्रम उलटा केला की हमखास घोळ होतो: तेलाच्या थरातून डहाळी खाली घातली तर तिच्या कापलेल्या तोंडावर तेल बसतं, नळ्या बंद होतात आणि दुसऱ्या दिवशी पानं माना टाकतात. खोबरेल असेल तर एसीच्या खोलीत ठेवू नका, ते चोवीसेक अंशांखाली थिजतं.

तिन्ही बाटल्यांचं वजन लिहा, चोवीस तासांनी पुन्हा करा. एक ग्रॅम घट म्हणजे एक मिली पाणी. तिसऱ्या बाटलीत जी घट येईल ती तेल चुकवून उडालेली वाफ. ती इतर दोघींतून वजा करा. उरतो तो बाष्पोच्छ्वास. दोन तासांत उत्तर मागू नका. तेवढ्यात होणारी घट ग्रॅमच्या आसपासच असते आणि ती काट्याच्या चुकीतच बुडून जाते.

पर्णरंध्रं कुठल्या बाजूला आहेत ते याच पद्धतीने कळतं. पेरूच्या चार पानांच्या डहाळ्या घ्या. एकीच्या पानांना वरून व्हॅसलीन, दुसरीच्या पानांना खालून. खालून लावलेली डहाळी फारच कमी पाणी ओढते. खात्री करायची तर पानाच्या खालच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्या, पंधरा मिनिटं वाळू द्या, पारदर्शक चिकटपट्टीने उचला आणि काचपट्टीवर चिकटवून सूक्ष्मदर्शकात १०च्या आणि मग ४०च्या भिंगाखाली पाहा. रंध्रांचे ठसे दिसतात. लव असलेल्या पानावर ठसा नीट उठत नाही, गुळगुळीत पान निवडा.

कमी वेळात आकडे हवे असतील तर पोटोमीटर, म्हणजे डहाळी किती पाणी ओढते ते मोजायचं साधन. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी ४ मिलीमीटर आतल्या व्यासाची पारदर्शक नळी, अर्धा मीटर. सगळी जुळणी पाण्याने भरलेल्या बादलीत करायची: नळी पूर्ण भरून घ्या, पाण्याखाली छाटलेली डहाळी तिच्या तोंडात घट्ट बसवा, वरून दोरा गुंडाळा, बाहेर काढून सांध्याला व्हॅसलीन फासा. नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीला बांधा, म्हणजे मोकळं टोकही वर राहतं. त्या टोकाची पाण्याची पातळी पेनाने खुणवा आणि ती किती खाली सरकते ते दर पाच मिनिटांनी लिहा. ४ मिलीमीटरच्या नळीत १० मिलीमीटर सरकणं म्हणजे साधारण ०.१३ मिली. जोडल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या, डहाळीला सावरायला वेळ लागतो. पातळी सरकतच नसेल तर सांध्यातून हवा शिरते आहे, दहापैकी नऊ वेळा तेच कारण. चीक येणारी झाडं इथे नकोत. चाफा किंवा फणसाची डहाळी स्वतःच्याच चिकाने तोंड बंद करून घेते. पंखा पूर्ण वेगावर ठेवला तर उलटच घडू शकतं: पान घाबरतं म्हणा, रंध्रं मिटतात आणि ओढ कमी होते. आणि एक लक्षात ठेवा, पोटोमीटर ओढलेलं पाणी मोजतो, वाफ झालेलं नव्हे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतात, एक नसतात.

मुळं पाणी खालून वर ढकलत नाहीत का? ढकलतात, आणि ते पाहायला काहीच सामान लागत नाही. पावसाळ्यात पहाटे, उन्हं येण्याआधी, अळवाच्या पानाच्या टोकाशी थेंब लोंबताना दिसतो. तो दव नव्हे. दव पानभर बसतं. हा थेंब फक्त टोकाशी आणि कडेला येतो. पारख करायची तर संध्याकाळी एका पानावर प्लास्टिकची पिशवी बांधा, पाऊस-दव दोन्ही अडतील, थेंब मात्र येईलच. हा मूलदाब. पण वीस मीटरच्या माडाच्या शेंड्यापर्यंत दिवसभर पाणी पोचवायला तो पुरत नाही, आणि ओढणारा पंपही पाण्याचा खांब दहा मीटरच्या फार वर नेऊ शकत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात आणि पानांतून वाफ जाताना सगळी तारच वर ओढली जाते, हा खुलासा डिक्सन आणि जोली यांनी १८९४ साली मांडला. बुडबुडा आत शिरू द्यायचा नाही ही वरची सगळी खटपट त्यासाठीच.

साखर उतरते कशी: माडाची पोय आणि पेरूची गुटी

रसवाहिन्यांतला, म्हणजे साखर नेणाऱ्या नळ्यांतला, रस पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, रेंदेर (माडाची ताडी काढणारा) माडावर चढतो तिथे नजर ठेवली की झालं. न उमललेली पोय (माडाचा फुलोरा) तो दोरीने आवळून बांधतो, काही दिवस हलक्या हाताने ठोकतो, मग कातीने टोक छाटून खाली दामोणें (मडकं) अडकवतो. थेंब थेंब पडणारा सूर, म्हणजे ताडी, हा रसवाहिन्यांतला रस, त्यात साधारण १२ ते १५ टक्के साखर. झाड कापलं तरी जलवाहिनीतून असा रस गळत नाही, उलट ती हवा आत ओढते. रसवाहिनीतून तो बाहेर येतो कारण आत दाब आहे: पानांत साखर भरली जाते, तिच्यामागोमाग पाणी शिरतं, दाब वाढतो, आणि जिथे साखर वापरली जाते तिकडे रस सरकतो. म्युंख यांनी १९३० साली मांडलेली ही दाबप्रवाहाची कल्पना आजही शिकवली जाते.

आता जवळून पाहायची गोष्ट. रेंदेर दिवसातून दोन-तीनदा वर जातो आणि दरवेळी पोयीच्या टोकाची नखभर जाडीची ताजी चकती उडवतो. एवढीशी चकती उडवायला कशाला चढायचं? कारण तसंच सोडलं तर धार मंदावत मंदावत थांबते. रसवाहिनीच्या पेशी एकमेकींना चाळणीसारख्या पडद्यांनी जोडलेल्या असतात. काप बसताच त्या भोकांवर कॅलोज नावाचा पदार्थ साचायला लागतो आणि वाट बंद होते. वरून सुरातले यीस्ट आणि जिवाणू कापलेलं तोंड बुळबुळीत करतात ते वेगळंच. म्हणजे सूर काढणं ही झाडाच्या जखम बुजवण्याच्या सवयीशी चालणारी रोजची झटापट आहे. मडक्याला आतून चुना लावला तर यीस्टचं काम रोखलं जातं आणि रस आंबायच्या आधी नीरा म्हणून पिता येतो.

घरी हात घालून करायचा प्रयोग म्हणजे गुटी कलम: फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची. फायदा दुहेरी: रसवाहिनी कुठे असते ते कळतं आणि शेवटी हातात झाड येतं. वेळ जून-जुलै, दोन-चार सरी पडून गेल्यावर. पेरू, जांब किंवा डाळिंबाची वर्षभराची, पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडा. शेंड्यापासून ३०-४० सेंटिमीटरवर, पानाच्या सांध्याच्या लगेच खाली, धारदार चाकूने अडीच ते तीन सेंटिमीटर अंतरावर दोन गोल काप घ्या, मधली साल सोलून काढा. खालचं लाकूड बोटाला निसरडं लागतं. तो निसरडेपणा म्हणजे कॅम्बियम, नवी साल आणि लाकूड बनवणाऱ्या पेशींचा थर. चाकूच्या पाठीने तो खरवडून लाकूड कोरडं, पांढरं दिसेपर्यंत साफ करा. बहुतेकांची गुटी इथेच बिघडते. कॅम्बियमची बारीक रेघ जरी राहिली तरी दोन-तीन आठवड्यांत सालीचा पूल तयार होतो, साखर पुन्हा खाली जायला लागते आणि मुळं फुटायचं कारणच संपतं. उलट जोर लावून लाकडातच चाकू घुसवला तर जलवाहिन्या तुटतात आणि वरची पानं सुकतात.

वरच्या कडेला, फक्त वरच्याच, मुळं फुटण्याची पावडर लावा. मग ओलं स्फॅग्नम मॉस किंवा भिजवलेला कोकोपीट मुठीत घट्ट पिळून, एखादाच थेंब गळेल इतपत ओला, मूठभर गोळा जखमेभोवती बसवा. पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्याने गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने आवळा. वरचं टोक सैल राहिलं की पावसाचं पाणी आत जातं आणि गोळा कुजतो. गोळा हातात फिरतोय असं वाटलं तर पुन्हा बांधा, नाहीतर कोवळी मुळं तुटतात.

दोन-तीन आठवड्यांत वरची कड फुगलेली दिसेल. खालची नाही. पानांतून उतरणारी साखर आणि संप्रेरकं तिथे अडली. पाणी मात्र लाकडातून वर जातच राहिलं म्हणून पानं टवटवीत. इटलीच्या माल्पिगी यांनी सतराव्या शतकातच सालीचं कडं काढून हा फुगवटा पाहिला होता. पाच ते आठ आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात; ती तपकिरी व्हायला लागली की फांदी गुटीच्या खालून तोडायची. एकदम न तोडता आधी अर्धी खाच द्या, आठवड्याने पूर्ण कापा. कुंडीत लावताना निम्मी पानं काढून टाका. मुळं थोडी, पानं फार, असा हिशेब उन्हात टिकत नाही. तीन-चार आठवडे सावलीतच ठेवा.

मुख्य खोडावर हा प्रयोग चुकूनही करू नका. खोडाच्या पूर्ण कड्यावरची साल गेली की मुळं उपाशी मरतात, झाड मग सावकाश, पण नक्की जातं. माडावर आणि पोफळीवर मात्र तो करताच येत नाही: निशिगंधाच्या चकतीत पाहिलं तसे तिथे नळीजाल खोडभर विखुरलेले असतात, सालीत रसवाहिन्यांचं कडं नसतंच. म्हणून चढण्यासाठी खाचा पाडलेले माड वर्षानुवर्षं उभे राहतात. पण कॅम्बियमही नसल्यामुळे त्या खाचा कधी भरून येत नाहीत.

झाड जखमेला काय करतं

झाडाकडे रक्तासारखं फिरतं सैन्य नाही. प्रत्येक पेशीला आपली लढाई स्वतः लढावी लागते, आणि झाडाचा मुख्य डाव असतो तो वाट बंद करण्याचा. कच्च्या पपईला नखाने ओरखडा काढा: चीक लगेच पाझरतो, काही मिनिटांत घट्ट होतो. तो जखम झाकतो आणि त्यातला पपेन किड्याच्या पोटालाही झेपत नाही. काजूच्या सालीतून डिंक येतो. आत, नजरेआड, शेजारच्या जिवंत पेशी फुग्यासारख्या जलवाहिनीत घुसून ती बुजवतात, म्हणजे बुरशीला वर चढायला रस्ता उरत नाही. हा उपाय महागही पडतो. फार नळ्या बुजल्या तर पाण्याअभावी झाडच कोमेजतं. पानावर जिथे रोगाचा कण उतरला तिथल्या पेशी आपणहून मरतात आणि तपकिरी ठिपका तेवढा उरतो. असा प्रत्येक ठिपका रोग जिंकल्याचा नसतो, कधी तो अडवल्याचा असतो. आणि काही झाडं जिवाणूंची चाहूल लागताच पर्णरंध्रं मिटून घेतात.

पोफळीवरच्या कोळेरोगात (सुपाऱ्या कुजवणाऱ्या रोगात) हे सगळं अपुरं पडतं, म्हणून बाहेरून बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं औषध. घरच्या चार झाडांपुरतं १० लिटर करायचं तर १०० ग्रॅम मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या बादलीत भिजवून, गाळून ५ लिटर. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि ढवळत राहा. चुना मोरचुदात ओतला तर कण जाड पडतात आणि घोसावर चिकटत नाहीत. घासलेली लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. तिच्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, ते साल-फळं जाळेल. चुन्याचं पाणी थोडं आणखी घाला. फवारणी पाऊस लागण्याआधी, मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला, आणि पुन्हा ४० ते ४५ दिवसांनी उघडीप बघून. मिश्रण त्याच दिवशी संपवा. हे औषध झाडात शिरत नाही, जिथे पडलं तिथेच राहतं. म्हणून घोसाची झाकलेली बाजू राहून गेली तर रोग तिथूनच सुरू होतो. आंतरप्रवाही औषधांचं तसं नाही, ती झाडाच्या नळ्यांतूनच फिरतात. पिशवीतलं औषध माडाच्या पेन्सिलीएवढ्या ताज्या मुळाला बांधून वर चढवतात ते जलवाहिनीच्याच भरवशावर. चोवीस तासांत मुळाने ओढलं नाही तर ते मूळ मेलेलं समजून दुसरं शोधायचं.

कातडी, आणि कातडीच्या आत

चार कडक टोमॅटो साबणाने धुऊन पुसा. देठाच्या जागी मेणबत्तीचं मेण लावा, कारण सालीला भोक न पाडताही बुरशी तिथूनच आत जाते आणि निष्कर्ष गडबडतो. पहिला तसाच. दुसऱ्याच्या सालीवर सडक्या टोमॅटोचा तुकडा चोळा. तिसऱ्याला उकळत्या पाण्यातून काढलेल्या सुईने चार टोचे. चौथ्याला तसेच टोचे, पण सुई सडक्या तुकड्यात बुडवून. प्रत्येक वेगळ्या बंद पिशवीत, नाव घालून, पाच ते सात दिवस. चौथा आधी सडतो, दुसरा बहुतेक वेळा शाबूत राहतो. तिसराही कधी सडतो, हवेतली बीजं पुरेशी असतात. पिशव्या उघडू नका, तशाच कचऱ्यात टाका. दम्याच्या माणसाने तर जवळही जाऊ नये.

आपली कातडी टोमॅटोच्या सालीपेक्षा बरीच तयारीची आहे: वर केराटिनचा मृत थर, घामाची आंबटसर ओल, डोळ्यांच्या पाण्यात जिवाणूंची भिंत फोडणारं लायसोझाइम, पोटात आम्ल. पण चिरली की तीही उघडी. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) किंवा भातशेतीत चिखल तुडवताना लेप्टोस्पायरा हा जिवाणू शिरतो तो पायाच्या भेगांतून आणि कापांतून, म्हणून गमबूट. आणि शेतात उतरल्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना शेतातलं पाणी आवर्जून सांगायचं.

काप पडल्यावर काही मिनिटांत रक्त गोठतं. झाडाशी साम्य इथपर्यंतच. यानंतर जखमेजवळच्या पेशी हिस्टामिन सोडतात, केशवाहिन्या रुंदावतात आणि पाझरू लागतात. लाली, सूज, ऊब ही त्याचीच चिन्हं. काही तासांत पांढऱ्या रक्तपेशींतल्या न्यूट्रोफिल येऊन जिवाणू गिळायला लागतात, मागून मोठ्या भक्षक पेशी येतात. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल. शत्रूचे तुकडे, म्हणजे प्रतिजन, लसिकावाहिन्यांतून जवळच्या गाठीकडे नेले जातात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ते हेच: तिथे बी आणि टी या पांढऱ्या पेशींची निवड आणि वाढ चालू असते. निवडलेल्या बी पेशी प्रतिपिंडं बनवतात, पण त्याला आठवडाभर तरी लागतो. परीक्षेत ‘पांढऱ्या पेशी प्रतिपिंडं खातात’ असं लिहिलं जातं. प्रतिपिंड हे प्रथिन आहे, ते शत्रूवर खूण करतं आणि त्याला जखडतं, गिळायचं काम भक्षक पेशींचं.

हा आठवड्याचा उशीर कळायला कुत्र्याच्या चाव्याइतकं चांगलं उदाहरण नाही. गोवा २०२१ साली रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला, तरी चावा बसला तर सगळं करायचंच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही भरायचं नाही. मग त्याच दिवशी लस: दंडात, पार्श्वभागात नव्हे, कारण तिथल्या चरबीत ती नीट लागू पडत नाही. स्नायूत द्यायची असेल तर दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेतच रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिनही. लस शरीराला प्रतिपिंडं बनवायला शिकवते, ते सक्रिय संरक्षण; इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडं, ती पहिल्या दिवसांची खिंड लढवतात आणि मग विरून जातात, ते निष्क्रिय. पहिल्या डोसानंतर सात दिवस उलटले की ते देत नाहीत, कारण तोवर स्वतःची प्रतिपिंडं यायला लागलेली असतात. आणि ज्याने आधी हा पूर्ण कोर्स घेतलाय त्याला पुन्हा चावा बसला तर जखम तशीच धुवायची, पण लसीचे दोनच डोस, दिवस ० आणि ३, इम्युनोग्लोब्युलिन नाही. त्याच्या स्मृतिपेशी, म्हणजे शत्रूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी, आधीच तयार आहेत, त्यांना आठवडा लागत नाही.